पलंगाखालची रंगीत तालीम

घराखालच्या बुटक्या पोकळीत रांगत शिरून तपासणी करायची, तर त्यासाठीचं सामान घेताना बहुतेकांची एकच चूक होते. ते उभ्याने घालून बघतात. हेल्मेट डोक्याला बसलं, मास्क नाकावर बसला, गुडघ्यांचे पट्टे आवळले, झालं. वापरायचं मात्र सगळं आडवं पडून: पोटावर, कुशीवर, कधी पाठीवर. माणूस आडवा झाला की हेल्मेटची चोच मातीला टेकते आणि मान वर उचलता येत नाही. मास्कचं काडतूस, म्हणजे गाळणीचा डबा, पाइपला अडकतं. गुडघ्यांचे पॅड फिरून पोटऱ्यांवर जातात, आणि खिशातली मेजपट्टी नेमकी बरगडीखाली येते.

म्हणून काहीही पक्कं करण्याआधी सगळं अंगावर चढवून घरातल्या पलंगाखाली शिरा. एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. मध्ये थांबून पाठीवर वळा, वरच्या फळीकडे दोन मिनिटं टक लावून बघा, मग जिथून आलात तिथून उलटे मागे सरका. मागे सरकताना पायांच्या बाजूने काय काय गुंडाळत वर येतं ते तेव्हाच कळतं. घरचे हसतील, हसू द्या. दहा मिनिटांच्या या रंगीत तालमीत जे खटकतं, ते आत गेल्यावर दसपट खटकतं.

इथे घराखाली म्हणजे तळघर नव्हे. लाकडी चौकटीच्या घरात राहती जमीन थेट मातीवर टेकलेली नसते. पायाच्या भिंती किंवा खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर वासे, वाशांवर फळ्या; आणि माती ते वासे यांच्यामध्ये उरते ती पोकळी. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान इथल्या असंख्य घरांना ती असते. नळ, सांडपाण्याचे पाइप, वायरी, हवेचे डक्ट हे सगळं तिथून जातं. गळती, कूज, वाळवी, खचलेला खांब यांतलं काहीही बघायचं तर कुणाला तरी खाली उतरावंच लागतं. तिला क्रॉल स्पेसच म्हणू. मराठीत एखादा भारदस्त शब्द घडवता येईल, पण तो कुणी बोलणार नाही.

जागा किती मिळते? अमेरिकेच्या राहत्या घरांच्या बांधकाम संहितेत फळ्यांतून खाली उतरायचं दार किमान १८ बाय २४ इंच आणि भिंतीतून आडवं शिरायचं दार किमान १६ बाय २४ इंच सांगितलं आहे. त्याच संहितेत लाकडाच्या कुजण्याबद्दलचा एक नियम आहे: वाशांचा तळ उघड्या मातीपासून १८ इंचांच्या आत किंवा तुळईचा तळ १२ इंचांच्या आत येत असेल, तर ते लाकूड कुजण्याला टिकाव धरणारं हवं. नियम लाकडाच्या काळजीचा आहे, पण आत शिरणाऱ्याने तो स्वतःसाठी वाचावा. म्हणजे सगळं नियमानुसार असलं तरी तुळईखालून जाताना हातात फूटभर उंची असू शकते. त्या फुटात तुमचं डोकं, त्यावरची टोपी, तोंडावरचा मास्क, छातीची जाडी आणि टाचा वर करून ओढलेले बूट बसवायचे. वर एखादा डक्ट लोंबत असेल तर तेवढंही नाही.

संरक्षणाची प्रत्येक वस्तू तुमच्याकडून काहीतरी काढून घेते. मास्क श्वास जड करतो, गॉगल नजर अरुंद करतो, हातमोजे स्पर्श बोथट करतात, अंगभर सूट घाम कोंडतो, टोपी उंचीतले दोनतीन सेंटिमीटर खाते. जास्तीत जास्त संरक्षण घेतलं की आपण जास्तीत जास्त सुरक्षित, असा हिशेब इथे लागत नाही. घामाने डबडबलेला, धुरकट गॉगलमधून बघणारा, दर दोन हातांवर कुठेतरी अडकणारा माणूस वैतागतो. वैतागला की पहिला मास्क खाली ओढतो.

आणि मास्क ही एकच वस्तू अशी आहे की तिच्यातली चूक त्या दिवशी कळतच नाही. खरचटलं तर लगेच दिसतं, श्वासातून आत गेलेलं दिसत नाही. त्या मातीवर वर्षानुवर्षं साचलेलं असतं काय? बुरशीचे बीजाणू, फाटून लोंबणाऱ्या फायबरग्लासचे तंतू, उंदरांच्या सुकलेल्या लेंड्या आणि मूत्र. काही प्रदेशांत वटवाघळांची किंवा पक्ष्यांची विष्ठा असते, तिच्यातून हिस्टोप्लाझ्मोसिस या आजाराची बुरशी फुप्फुसात जाते. जुन्या घरांत पाइपांवरच्या वेष्टणात फुप्फुसांना घातक असं तंतुमय अ‍ॅस्बेस्टॉस असतं. १९९३ साली अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात धडधाकट तरुण माणसं फुप्फुसांत पाणी भरून दगावू लागली, तेव्हा मूळ सापडलं ते डिअर माउस नावाच्या छोट्या उंदराच्या लेंड्या-मूत्रातून येणाऱ्या एका हंताव्हायरसमध्ये. वाळलेली घाण ढवळली की विषाणू हवेत उडतो. म्हणून अशा जागी झाडू मारायचा नाही, साधा व्हॅक्यूमही लावायचा नाही. हात लावावाच लागला तर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण शिंपडून पाच मिनिटं भिजू द्यायचं, मग ओल्या कागदाने उचलायचं.

मास्कच्या अक्षरांचा आणि आकड्यांचा बाऊ करण्याचं कारण नाही. अमेरिकी पद्धतीत एन-९५ म्हणजे चाचणीतल्या बारीक, सुमारे ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी किमान ९५ टक्के अडवणारा. पी-१०० म्हणजे ९९.९७ टक्के अडवणारा. एन म्हणजे तेलकट कणांपुढे न टिकणारा, पी म्हणजे टिकणारा. युरोपीय पद्धतीत एफएफपी-२ किमान ९४ टक्के, एफएफपी-३ किमान ९९ टक्के. कोरड्या, स्वच्छ, पाच मिनिटांच्या डोकावणीला एन-९५ पुरतो. त्यापलीकडे माझं मत ठाम आहे: रबर किंवा सिलिकॉनचा, फक्त नाक-तोंड झाकणारा अर्धा मास्क, पी-१०० फिल्टरसह.

इथे जाणकार एक शंका काढतील, आणि ती रास्त आहे. अमेरिकी तक्त्यात नीट बसवलेल्या एन-९५ ला आणि अर्ध्या रबरी मास्कला संरक्षणाचा गुणांक एकच दिला आहे, १०. म्हणजे बाहेरच्या धुळीचा दहावा हिस्सा आत येईल असं धरायचं. मग रबरी कशाला? कारण तो आकडा नीट बसलेल्या मास्कचा आहे, आणि आडव्या माणसाच्या तोंडावर वापरून-फेका मास्क नीट बसलेला राहत नाही. गाल मातीला लागला, मान वळली, घामाने कडा ओली झाली की ती उचलली जाते. रबराची कडा चेहऱ्याबरोबर हलते, आणि मुख्य म्हणजे ती पुन्हा पुन्हा तपासता येते. शिवाय अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामासाठी वापरून-फेका मास्क अमेरिकी नियमांत मुळी चालतच नाही.

तपासणी अशी. खालचा पट्टा आधी मानेमागे, वरचा डोक्याच्या माथ्याच्या थोडा मागे. दोन्ही बाजू सारख्या ओढायच्या. एकच बाजू आवळली की मास्क तिरका होतो आणि नाकाच्या दुसऱ्या अंगाला फट पडते. मग तळहाताने उच्छ्वासाची झडप झाकून हलकेच फुंकायचं. मास्क किंचित फुगला आणि नाकाजवळ वारा लागला नाही तर ठीक. त्यानंतर दोन्ही फिल्टर झाकून श्वास आत ओढायचा आणि दहा सेकंद धरायचा. मास्क चेहऱ्याकडे ओढला जाऊन तसाच राहायला हवा. हे उभ्याने एकदा आणि दाराशी आडवं पडून पुन्हा एकदा. दुसरं फार थोडे करतात.

दाढी असेल तर यातलं काहीच लागू होत नाही. दोन दिवसांचे खुंटसुद्धा कडेखाली फट ठेवतात. दाढी कातरली आहे, बारीक आहे, मऊ आहे या सबबी हवेला समजत नाहीत.

मास्कचा सगळ्यांत दुर्लक्षित भाग म्हणजे ती उच्छ्वासाची झडप. पुढचं झाकण उघडलं की आत एक पातळ, गोल, जवळजवळ पारदर्शक रबरी चकती दिसते, मध्यभागी एका खुंटीवर अडकवलेली. श्वास सोडला की ती उचलते, ओढला की बसते. तिच्याखाली सुकलेली लाळ, धुळीचा एक खडा किंवा टोपीतला एक केस अडकला तरी ती पूर्ण बसत नाही. मग दर श्वासाला थोडी हवा फिल्टर चुकवून थेट आत येते. फिल्टर पी-१०० चा, वर्ष ताजं, पैसे मोजलेले, आणि धूळ मागच्या दाराने आत. चकतीची कडा मुडपली किंवा कडक झाली असेल तर ती बदलायची. हा भाग सुटा मिळतो. त्यासाठी अख्खा मास्क टाकायची गरज नाही.

फिल्टरचा आकार हा आडव्या माणसाचा प्रश्न. जाड डब्यासारखी काडतुसं दोन्ही गालांबाहेर येतात. ती वाशाला, पाइपच्या पकडीला लागली की तरफेसारखी मास्कची एक कड उचलतात. कळत काही नाही, एखादा श्वास हलका वाटतो इतकंच. श्वास अचानक सोपा झाला तर थांबून तपासा. चपटे गोल फिल्टर या कामाला कधीही बरे. अमेरिकी रंगसंकेतात पी-१०० चा रंग गडद गुलाबी असतो, सेंद्रिय वाफांच्या कोळशाच्या काडतुसाचा काळा. सांडपाण्याच्या दुर्गंधीसाठी कोळशाचा पातळ थर असलेले चपटे फिल्टरही मिळतात. ते वासाला पुरतात, विषारी वायूला नाही. आणि हे फिल्टर पाण्यात बुडवू नयेत. डबक्यात गाल टेकवलात की तेवढ्या बाजूने श्वास ओढायला जड जातो.

चेहराभर मास्क घ्यावा का? संरक्षणाचा गुणांक ५०, डोळेही आत झाकलेले, धुकंही कमी. पण तो उंच असतो आणि फूटभर जागेत काच प्रत्येक खिळ्याला घासते. चष्मेवाल्यांची आणखी पंचाईत, कारण चष्म्याच्या काड्या कानाकडे जाताना कडेखालूनच जातात आणि फट पडते; आत बसवायची चष्म्याची वेगळी चौकट लागते. दोन फुटांहून उंच, घाणेरड्या जागेसाठी तो उत्तम. त्याहून बुटक्या जागेत अर्धा मास्क आणि गॉगल. पंख्याने हवा ढकलणारे, कमरेला मोटर बांधायचे प्रकार या उंचीत मला तरी पटत नाहीत. नळी हटकून अडकते.

गॉगल बंद कडांचा हवा. थेट भोकांचा नको, वळणाने हवा जाणाऱ्या झडपांचा. पाठीवर पडून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने वासा टोचून पाहताना कुजलेल्या लाकडाचा भुगा सरळ डोळ्यांवर येतो, आणि साधा सुरक्षा-चष्मा त्या दिशेला उघडाच असतो. धुकं धरतं ही सगळ्यांची तक्रार. धुकं न धरणारा लेप हवाच, पण आधी एक बघा: धुकं आतून, नाकाच्या बाजूने चढत असेल तर दोष बहुधा गॉगलचा नाही. मास्क नाकाशी गळतोय आणि उष्ण, दमट श्वास वर येतोय. ते धुकं म्हणजे फुकटात मिळालेली सूचना आहे.

डोक्याला मोठं हेल्मेट लागत नाही. वरून काही पडण्याचा धोका इथे कमी. धोका असतो तो आपणच डोकं आपटण्याचा, आणि फळ्यांतून खाली आलेल्या खिळ्यांच्या टोकांचा. त्यासाठी बंप कॅप, म्हणजे आत कडक कवच असलेली हलकी टोपी, पुरेशी. चोच अगदी आखूड, अडीच सेंटिमीटरच्या आसपास. लांब चोचीने पोटावर असताना समोर बघताच येत नाही. मात्र वरती दुरुस्ती चालू असेल, कुणी जॅक लावून तुळई उचलत असेल, तर बंप कॅप पुरणार नाही. खरं सांगायचं तर अशा वेळी खाली असूच नये.

अंगावरच्या सूटबद्दल फार कीस पाडण्यासारखं नाही, पण माप चुकतं ते सगळ्यांचंच. टायवेकसारख्या न विणलेल्या पॉलिएथिलीनचा वापरून-फेका कव्हरऑल धूळ उत्तम अडवतो. युरोपीय वर्गवारीत प्रकार ५ धुळीसाठी, प्रकार ६ हलक्या शिंतोड्यांसाठी. दोन्ही लिहिलेला घ्यावा. माप आपल्यापेक्षा एक, जाडजूड कपड्यांवर घालणार असाल तर दोन, मोठं. अंगाबरोबरचा सूट घालून उकिडवं बसा आणि दोन्ही हात पुढे ताणा. जांघेतली शिवण तिथल्या तिथे उसवते. आत ती पहिल्या पाच हातांत उसवते, आणि मग फायबरग्लास जाऊ नये तिथे जातं. फार मोठा घेतलात तर पायाशी गोळा होऊन गुडघ्याखाली चुरगळतो. पायमोजे जोडलेला प्रकार टाळा, मातीवर अंथरलेल्या ओल्या प्लास्टिकवर घसरतो. हे कापड सुमारे १३५ अंश सेल्सिअसला वितळतं. शेजारी नळाचं डाखकाम चालू असेल किंवा गॅसची भट्टी पेटलेली असेल तर त्याऐवजी जाड सुती कव्हरऑल घालावा आणि घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळा धुवावा.

मनगट आणि घोटा टेपने बंद करताना टेपचं शेवटचं बोटभर टोक आतल्या बाजूला दुमडून ठेवा. हातमोजे घातलेल्या बोटांना चिकटलेल्या टेपचं टोक सापडत नाही, आणि न सापडल्यावर माणूस दाताने ओढतो. ज्या टेपवर उंदराची घाण आहे, ती. हूड नेहमी मास्कच्या पट्ट्यांवरून घ्यायचं. उतरवताना हूड आधी निघतं आणि मास्क शेवटपर्यंत तोंडावर राहतो. पट्टे हूडच्या बाहेर असतील तर हा क्रमच उलटतो.

गुडघ्यांकडे मात्र जरा थांबायला हवं. कडक कवचाचे पॅड खडी, तुटकी वीट, खिळे यांवर चांगले, पण मातीवर अंथरलेल्या प्लास्टिकवर बर्फावरच्यासारखे सरकतात. मऊ पॅड पकड देतात, पण उघड्या फोमचे असतील तर डबक्यातलं पाणी शोषून जड होतात; बंद कप्प्यांच्या फोमचे घ्यावेत. दोन पट्ट्यांचे पॅड असतील तर गुडघ्याखालचा पट्टा घट्ट, वरचा सैल. उलट केलंत तर गुडघा मुडपल्यावर मागची शीर दाबली जाते आणि दहा मिनिटांत पाय मुंग्यांनी भरतो. विजारीच्या आतल्या खिशात बसवायचे पॅड फिरत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. पण मग सूटचं कापड बाहेर उघडं राहतं आणि गुडघ्यावर आधी तेच फाटतं. म्हणून मी खिशातल्या पातळ पॅडवर सूट आणि त्यावर पट्ट्यांचा पॅड अशा दुहेरी मांडणीच्या बाजूचा आहे. बाहेरचे पॅड त्या जागेचे मानायचे आणि तिथल्या तिथे धुवायचे. उंची दीड फुटाखाली गेली की रांगणं संपतं आणि कोपरांवर सरपटणं सुरू होतं. तिथे गुडघ्यापेक्षा कोपरांचे पॅड महत्त्वाचे. ते बहुतेकांच्या पिशवीत नसतातच.

हातमोजे दुहेरी. आत पातळ वापरून-फेका नायट्राइल, बाहेर नायट्राइलमध्ये बुडवलेले विणीचे, कापण्याला प्रतिकार असलेले. डक्टच्या पत्र्याच्या कडा आणि पाइप टांगायच्या धातूच्या पट्टीची कापलेली टोकं ब्लेडसारखी असतात. चामड्याचे मोजे दणकट दिसतात, पण ओल धरतात आणि सुकल्यावर लाकडासारखे होतात. बाहेरचे मोजे बोटांना घट्ट बसणारे हवेत. सैल बोटांनी ओल जोखण्याच्या यंत्राची बटणं दाबता येत नाहीत, मग माणूस मोजा काढतो. बूट घोट्यापर्यंत, खिळा न घुसणाऱ्या तळाचे. दाराशी काढून ठेवलेले हातमोजे आणि बूट पुन्हा घालण्याआधी झटका. विंचू-कोळ्यांना अशा जागा आवडतात.

कोणताही कपडा अडवू शकत नाही अशा दोन गोष्टी आत असतात, वीज आणि वायू. इथे सामान म्हणजे अंगावरचं नव्हे, मोजायचं.

ओल्या मातीवर पोट टेकून पडलेला माणूस म्हणजे जमिनीला पक्की जोडलेली वायर. उंदराने सोललेली एखादी वायर डक्टच्या पत्र्याला टेकली असेल तर तो सगळा डक्ट जिवंत असू शकतो. वर सांगितलेले हातमोजे विजेसाठी नाहीत, ओले झाल्यावर तर अजिबात नाहीत. तिथल्या वायरींचा पुरवठा मुख्य पेटीतून बंद करूनच उतरायचं. हातात स्पर्शाविना विद्युतदाब ओळखणारा टेस्टर ठेवायचा, आणि तो आधी चालू असल्याची खात्री असलेल्या सॉकेटवर, मग संशयित जागी, मग पुन्हा त्याच सॉकेटवर लावून बघायचा. मधल्या वेळेत टेस्टरची बॅटरी संपली असेल तर ते तिसऱ्या वेळी कळतं. धातूच्या नळीतल्या वायरीबद्दल हा टेस्टर काहीही सांगत नाही, हेही ध्यानात असू द्या.

वायूबद्दलचा गैरसमज मास्कमुळेच होतो. फिल्टर हवा गाळतो, बनवत नाही. हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो, तो १९.५ च्या खाली गेला की गाळणारा कुठलाही मास्क निरुपयोगी. दार उघडल्यावर चार वायूंचा मापक दोरीने किंवा नळीने आत सोडून वर, मध्ये, तळाशी अशा तीन जागी मोजायचं. मिथेन हलका म्हणून वाशांशी साचतो, प्रोपेन जड म्हणून मातीशी. ज्वालाग्राही वायूचं प्रमाण स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या १० टक्क्यांवर गेलं की आत जायचं नाही. मिथेनसाठी ती मर्यादा हवेत ५ टक्के, म्हणजे मापक ओरडतो तो अर्ध्या टक्क्याला. सांडपाण्याच्या पाइपमधून येणारा हायड्रोजन सल्फाइड कुजक्या अंड्यासारखा वास मारतो, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) सुमारास तो नाकाची जाणीवच मारतो. वास आला आणि मग गेला, तर हायसं वाटून घेऊ नका, बाहेर या. पेट्रोलवर चालणारा पंप खाली नेणं हा वेडेपणा आहे, कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

२०१५ मध्ये अमेरिकेत बांधकामातल्या बंदिस्त जागांसाठी वेगळे सुरक्षा नियम आले, आणि क्रॉल स्पेस ही अशी बंदिस्त जागा ठरू शकते. तिथल्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने १९८६ मध्ये दिलेल्या इशाऱ्यात म्हटलं होतं की बंदिस्त जागांतल्या मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक हे वाचवायला धावलेले लोक असतात. म्हणून दाराशी एक माणूस हवाच, आणि त्याला आधी एवढंच पढवायचं की काही झालं तर आत यायचं नाही, फोन करायचा. किती वेळाने हाक द्यायची, उत्तर नाही आलं तर किती मिनिटं थांबायचं, हे आकड्यात ठरवा. पंधरा मिनिटं ठीक. फळ्यांवर तीनदा ठोकणं ही मोबाइलपेक्षा खात्रीची खूण. खाली रेंज जाते.

उजेड तीन वेगवेगळ्या साधनांचा असावा, गुहांत शिरणाऱ्यांचा हा जुना दंडक इथेही चालतो. कपाळावर पसरट झोताचा हेडलॅम्प, हातात टॉर्च, खिशात तिसरा छोटा. हेडलॅम्प चांगला, पण धूळ उडाली की त्याचा उजेड डोळ्यांसमोरच्या कणांवरून परत येतो आणि पुढे पांढरा पडदा दिसतो. अशा वेळी तो मंद करून टॉर्च हातभर बाजूला, जमिनीलगत धरा. तिरप्या उजेडात भिंतीवरच्या वाळवीच्या मातकट नळ्या, तड्यांच्या कडा आणि लाकडावरची बुरशीची लव उठून दिसते; समोरच्या उजेडात तीच भिंत सपाट दिसते. दार उघडल्यावर आधी बाहेरूनच हा झोत चारही कोपऱ्यांत फिरवा आणि मिनिटभर वाट बघा. साप असेल तर त्याला निघून जायला तेवढी संधी मिळते, आणि हातमोजे दातांना अडवत नाहीत.

त्याच झोतात पाइपांवर पन्हळी पुठ्ठ्यासारखं पांढरट-करडं वेष्टण दिसलं तर ते अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. बघून सांगता येत नाही, प्रयोगशाळेत नमुना जावा लागतो. ते फाटून खाली पडलेलं असेल तर त्यावरून सरपटायचं नाही. तपासणी तिथेच थांबते. उंदरांच्या लेंड्यांचा सडा असेल तरी तेच.

कमरेला काही लटकवू नका. स्क्रूड्रायव्हर, ओल मोजायचं यंत्र, मेजपट्टी, पाण्याची बाटली हे एका उथळ ट्रेमध्ये घालून पुढे ढकलत न्यावं किंवा घोट्याला दोरीने बांधून मागून ओढावं. खिशांत छातीपाशी फक्त तिसरा दिवा आणि प्लास्टिकच्या पिशवीत फोन. बंद सूटमध्ये अंग फार लवकर तापतं. आत जाण्याआधी पाणी प्या आणि उकाड्यात वीस मिनिटांनी बाहेर या, काम राहिलं तरी. डोकं दुखू लागलं किंवा घाम येणं थांबलं, तर त्या दिवशी पुन्हा उतरायचं नाही.

बाहेर आल्यावर घाई होते ती मोकळा श्वास घ्यायची. मास्क मात्र शेवटी. दाराशी आधीच प्लास्टिक अंथरलेलं असावं. त्यावर उभं राहून बूट आणि पॅड ओल्या कपड्याने पुसा, टेपची दुमडलेली टोकं ओढा, हूड मागे टाका आणि सूट खांद्यांपासून खाली, आतली बाजू बाहेर काढत गुंडाळत न्या. बाहेरचे हातमोजे सूटबरोबरच उलटे निघतात. सगळं पिशवीत, पिशवीचं तोंड बांधलेलं. मग आतल्या पातळ मोज्यांनी पट्टे सोडवून मास्क पुढच्या बाजूने चेहऱ्यापासून दूर ओढा, शेवटी तेही मोजे काढा. हात साबणाने, कोपरापर्यंत.

मास्क त्याच संध्याकाळी धुवावा. फिल्टर काढून बाजूला, त्यांच्या बाहेरच्या बाजूवरून फक्त ओलसर कापड फिरवायचं. बाकी भाग कोमट पाण्यात साध्या, बिनतेलकट साबणाने. उकळतं पाणी आणि स्पिरिट दोन्ही रबर बिघडवतात. ती पातळ चकती खुंटीवरून उचलून खालची बैठक बोटाने पुसा, चकती परत बसवून ती सपाट बसली का हे उजेडाकडे धरून बघा. सावलीत सुकू द्या, खुंटीला पट्ट्याने टांगू नका, पट्टे ताणून जातात. फिल्टरवर पहिल्यांदा वापरल्याची तारीख मार्करने लिहून मास्क बंद पिशवीत ठेवा, कडा दुमडणार नाही असा, आणि पिशवीवर दुसरं काही ठेवू नका.